घराच्या जागेत तीन वारुळं आहेत, सगळीच पाडू का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, सासर रत्नागिरी जिल्ह्यातलं. सासऱ्यांच्या मागे दीड एकर जमीन वाट्याला आलीये, त्यात काजू आहेत, थोडी हापूसची कलमं आहेत आणि आता तिथे छोटं चिऱ्याचं घर बांधायचं चाललंय. आखणी झाली, पाया अजून खणलेला नाही. जागेत तीन वारुळं आहेत. एक बरोबर ओटीच्या पायऱ्या येणार तिथे, दुसरं काजूंच्या मध्ये, आणि तिसरं, सगळ्यात मोठं, पुरुषभर उंचीचं, मागच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, लागून ऐनाच्या झाडाखाली. विहीर उताराला खाली आहे. गेल्या वर्षी दोन काजू वाळले, त्यांच्या खोडांना वाळवी होती. चुलत दीर म्हणतात जेसीबी आलाच आहे तर तिन्ही वारुळं काढा आणि भोकात क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक) नि डिझेल ओतून टाका, नाहीतर जुन्या घरातल्या सागवानी चौकटी, ज्या नव्या घराला बसवायच्यात, त्या वर्षभरात जातील. सासूबाई मागच्या वारुळाची नागपंचमीला पूजा करतात, त्या हात लावू देणार नाही म्हणतात. नवरा दोन्हीकडून वैतागलाय. ताई विचारतात, "वाळवी निसर्गाला चांगली असं मी कुठेतरी वाचलं होतं, पण ते खरं आहे की नुसतं वाचायला छान वाटतं आणि घर मात्र आपलं जातं? आणि घरच्यांना काय सांगू?"

ताई,

उत्तर आधी सांगते आणि मग सावकाश बोलू. मागचं वारूळ आणि काजूतलं वारूळ ठेवा. पायऱ्यांतल्या वारुळासाठी आखणी थोडी सरकते का ते बघा, नाहीच सरकली तर ते एकटं काढा. आणि चौकटी वाचवायचं काम पाया घालताना आणि चौकट बसवताना करायचं असतं, ते वारुळापाशी जाऊन होत नाही.

तुमच्या घरात सगळेजण एक गोष्ट धरून चाललेत, दीरही, मिस्टरही आणि थोड्या तुम्हीही, की वारूळ म्हणजे वाळवीचं कोठार आणि ते गेलं की जागेतली वाळवी गेली. तसं होत नाही हो. भारतात वाळवीच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या घराच्या लाकडाला त्रास देणाऱ्या थोड्याच, आणि त्या थोड्यांमधल्या बऱ्याचशा वारूळ बांधतच नाहीत, त्यांचं सगळं बिऱ्हाड जमिनीच्या पोटात असतं, वर मातीचा ढेकूळसुद्धा दिसत नाही. पुण्यात सोसायटीतल्या कपाटाला वाळवी लागते तेव्हा आजूबाजूला कोणाला वारूळ दिसलेलं असतं का? म्हणजे तिन्ही वारुळं सपाट केली तरी तुमच्या चौकटीला धोका तेवढाच राहतो, फक्त धोका गेला असं वाटून पायाकडे कोणी बघत नाही, आणि मला भीती त्याची वाटते.

हेही लपवत नाही की वारुळातली वाळवीसुद्धा वाळकं लाकूड जमिनीला टेकलेलं सापडलं तर सोडणार नाही. ती लाकूडच खाते, आणि चौकटीचं लाकूड कुठलं नि जंगलात पडलेली फांदी कुठली हे तिला कळत नाही. म्हणून चौकट तिच्यापासून लांब ठेवणं आपलं काम. त्यावर पुढे सविस्तर सांगते.

आणि वरचं वारूळ पाडून वाळवी मरत नाही हेही दिरांना सांगा. राणी वर बसत नाही, ती खाली, जमिनीच्या पातळीच्या आसपास मातीच्या जाड भिंतींच्या खोलीत असते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. आमच्या मामांच्या बागेत एकदा गुरांनी अंग घासून घासून वारुळाची एक कड पाडली होती, मी लहान होते, मामांनी हाताला धरून तिथे बसवलं आणि म्हणाले नुसतं बघ. आधी मोठ्या डोक्याचे सैनिक बाहेर आले आणि भोकाच्या काठाला डोकी बाहेर करून उभे राहिले. मग मागून कामकरी, फिकट अंगाच्या, प्रत्येकीच्या तोंडात ओल्या मातीचा एक कण, तो कण काठावर चिकटवायचा, थोडं थोपटायचं आणि मागे फिरायचं, लगेच दुसरी पुढे. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. त्या सगळ्या आंधळ्या असतात हे मला खूप नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत भोक अर्ध्यावर आलं, सकाळी गेलो तर पूर्ण बुजलेलं, तेवढा एक गडद ओला डाग, तो दुपारपर्यंत उन्हात वाळून बाकीच्या वारुळासारखा झाला आणि कुठे पडलं होतं ते सांगता येईना.

आता तुमचे काजू. दोन झाडं वाळली आणि खोडाला वाळवी होती, म्हणून वाळवीने मारली असं सगळ्यांनी धरलं. ताई, मला शंका आहे. कोकणात काजू असे उभे वाळतात तेव्हा बहुतेक वेळा आत रोठा असतो, म्हणजे खोड आणि मुळं पोखरणारी अळी. तिची खूण अशी की बुंध्याजवळ बारीक भोकं दिसतात, त्यातून डिंक गळतो आणि लाकडाचा भुसा बाहेर पडलेला असतो, पानं पिवळी पडून गळायला लागतात. झाड आतून मेलं की मग त्या मेलेल्या लाकडावर वाळवी येते आणि आपण पोचतो तेव्हा आपल्याला तीच दिसते. उरलेल्या काजूंचे बुंधे या आठवड्यात स्वतः बघा, माती बाजूला करून मुळांपर्यंत बघा. भुसा किंवा डिंक दिसला तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा तालुका कृषी कार्यालयाच्या लोकांना लगेच विचारा, रोठा सुरुवातीला सापडला तर झाड वाचतं, उशीर झाला तर वाचत नाही, आणि वारूळ पाडण्यात महिना गेला तर तो महिना रोठ्याला मिळाला.

हापूसच्या खोडावर मातीचा थर चढलेला दिसला तर तेही घाबरण्यासारखं नसतं. सुरीची बोथट बाजू घेऊन थोडा थर खरवडा आणि खालची साल नखाने जराशी उकरून बघा. आत हिरवं, ओलं लागलं तर वाळवी फक्त वरची मेलेली साल खातेय, ती झाड तसंही टाकूनच देणार होतं. थर काढा, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, विषय संपला. आत तपकिरी आणि कोरडं लागलं तर मात्र त्या फांदीला आधीच काहीतरी झालंय, ते शोधा. लहान कलमांची गोष्ट वेगळी, त्यांना वाळवी खरंच मारू शकते, विशेषतः पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कमी पडलं तर. अर्धवट कुजलेलं शेणखत खड्ड्यात घालू नका, पूर्ण कुजलेलं घाला, सोबत निंबोळी पेंड घाला, पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, बुंध्याला टेकवू नका, वीतभर लांब ठेवा. आणि कलमाला आधार म्हणून जी काठी ठोकतात ना, ती वाळली की वाळवी आधी काठीला लागते आणि तिच्यावरून कलमावर जाते, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. काठी दर वर्षी बदला किंवा लोखंडी सळी वापरा.

आता तुमचा मधला प्रश्न, की हे चांगलं वगैरे खरं असतं का. खरं असतं, आणि ते तुमच्याच जागेत दाखवता येईल.

उन्हाळ्यात तिथे गेलात तर गुरं चरतात त्या बाजूला एक वाळका शेणाचा पो शोधा आणि उलटून बघा. वरून जशाच्या तसा दिसेल, आतून मात्र पोकळ, शेण संपलेलं आणि जागेवर बारीक दाणेदार माती भरलेली. ते वाळवीचं काम. आपण गांडुळाचं कौतुक करतो आणि ते योग्यच आहे, पण गांडुळाला ओल लागते, पाऊस संपला आणि जमीन कडक झाली की ते खोल जाऊन बसतं. कोकणात सुद्धा डिसेंबर ते मे जमीन कोरडीच असते. त्या सहा महिन्यांत ऐनाचा, किंजळीचा, काजूचा पातेरा पडत राहतो, फांद्या मोडून पडतात, शेण पडतं, हे सगळं परत मातीत कोण घालणार? वाळवी स्वतःची ओल स्वतः घेऊन येते, खालून ओली माती आणून तिची नळी बांधते आणि त्या नळीच्या सावलीत बसून भर उन्हाळ्यात पातेरा कुरतडते. लाकडातला जो भाग जवळजवळ कुणालाच पचत नाही तो ती आत नेते.

आणि आत ती शेती करते. तुमच्याकडच्या या वारुळातल्या वाळव्या बहुधा बुरशी पिकवणाऱ्या जातीच्या असणार, आपल्याकडची उंच वारुळं बहुतेक त्यांचीच. पालापाचोळा आणि लाकूड चघळून खाल्ल्यावर पडणाऱ्या विष्ठेपासून त्या आत स्पंजासारखे गड्डे तयार करतात, त्यावर एक खास बुरशी वाढते, ती बुरशी लाकूड मऊ करते आणि मग वाळवी ते खाते. ही शेती जवळपास तीन कोटी वर्षं चाललीये. त्यात तणसुद्धा येतं, म्हणजे नको ती बुरशी, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या अभ्यासात दिसलं की वाळवी ती नकोशी बुरशी वासावरून ओळखते आणि मातीखाली गाडून टाकते. पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमाराला, त्याच बागेतून वर अळंबी उगवतात. सासूबाईंना विचारा, त्यांना माहीत असणार. पूर्व विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, गोव्यात अळमी म्हणतात आणि रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात, हौसेने महाग घेतात लोक. ही अळंबी वाळवीशिवाय उगवत नाही, म्हणून ती आपल्याला घरी पिकवता येत नाही. वारूळ मेलं की ती जागा अळंबीला पण संपली.

एवढी बुरशी आणि एवढे लाखो जीव एका बंद मातीच्या ढिगात श्वास घेतात तर हवा कोंदायला पाहिजे ना? आपल्याकडच्याच जातीच्या वारुळांवर बंगळुरूला अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वारुळाला बाहेरून ज्या उभ्या कडा, पाख्या असतात त्या पातळ असल्याने दिवसा लवकर तापतात, त्यातली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते, रात्री पाख्या आधी गार होतात आणि सगळा प्रवाह उलटा फिरतो. दिवस-रात्रीच्या फरकावर चालणारा श्वास. 

पण शेतकऱ्याला उपयोगी गोष्ट पुढची आहे, आणि दिरांना हीच सांगा. वाळवी जमिनीत सगळीकडे बोगदे काढते, खालची चिकणमाती वर आणते, वरचा पाला खाली नेते. पहिल्या पावसात कडक झालेल्या जमिनीवरून पाणी वाहून जातं ते या बोगद्यांतून आत मुरतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोरडवाहू गव्हाच्या शेतात प्रयोग केला होता, काही तुकड्यांत मुंग्या आणि वाळवी राहू दिली, काहींत औषधाने काढून टाकली, राहू दिलेल्या तुकड्यांत गहू ३६ टक्के जास्त आला, २०११ मध्ये हे छापून आलं. बोर्निओच्या जंगलात २०१५-१६ च्या अल निनोच्या दुष्काळात तुलना केली, वाळवी होती तिथली माती ३६ टक्के जास्त ओली राहिली आणि रोपं जगण्याचं प्रमाण ५१ टक्के जास्त निघालं. दुष्काळात, म्हणजे गरज होती तेव्हाच तिचं काम सगळ्यात जास्त दिसलं.

आणि हे प्रयोगाच्या आधीपासून माहीत असलेले शेतकरी आहेत. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, तिथे याकुबा सावादोगो नावाचे शेतकरी होते, २०२३ मध्ये गेले. १९८० च्या सुमारास दुष्काळाने त्यांच्या भागातली जमीन अशी झाली होती की कुदळ मारली तरी टणकन आवाज यायचा, पाऊस पडला की पाणी वरून पळून जायचं. त्यांनी जुनी पद्धत सुधारून उन्हाळ्यातच शेतभर छोटे खड्डे घेतले आणि त्यात शेणखत, पालापाचोळा टाकला. त्या वासाने वाळवी आली, तिने खड्ड्यांच्या तळातून बोगदे काढले, आणि पाऊस आला तेव्हा पाणी आत गेलं. ज्वारी-बाजरी आली, मग झाडं आली, तिथे पुढे रानच उभं राहिलं. त्यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मला त्यांची गोष्ट फार आवडते कारण त्या माणसाने वाळवीला मुद्दाम आमंत्रण दिलं होतं.

आपल्याकडेही जुनी जाण होतीच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखायचा एक सबंध अध्याय आहे आणि त्यात झाडाजवळचं वारूळ ही पाण्याची खूण म्हणून पुन्हा पुन्हा येते. वाळवीला ओल लागते, ती खाली खणत जाते, म्हणून त्या निरीक्षणात तथ्य आहे, पण एवढ्यावर बोअर मारायचा निर्णय घेऊ नका हं.

मग बाकीचे जीव. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे येतात आणि सकाळी ओटीवर पंखांचा खच पडतो, ते वारुळातून निघालेले नवे राजे-राण्या. त्या एका संध्याकाळी कोतवाल पक्षी, बेडूक, पाली, वटवाघळं सगळ्यांची जेवणं होतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं वाढवणाऱ्यांना ते लागतं. खवल्या मांजराचं तर पोटच मुंग्या आणि वाळवीवर चालतं, ते चोरट्या शिकारीमुळे दुर्मिळ झालंय, तुमच्याच जिल्ह्यात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था त्याच्यासाठी काम करते. घोरपड वारूळ उकरून त्यात अंडी घालते. आणि नाग. आयत्या बिळावर नागोबा आपण म्हणतो ते इथे शब्दशः खरं आहे, वारूळ वाळवी बांधते, नाग तयार पोकळीत येऊन राहतो. आपण मुंग्यांचं वारूळ म्हणतो तेही तसंच, मुंग्या नंतर घुसतात. वाळवी मुंगीच्या नात्यातली पण नाही, तिला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण जवळचं नातं झुरळाशी आहे.

आता दिरांच्या उपायाबद्दल, इथे मी जरा स्पष्ट बोलते. वारुळाच्या भोकात औषधाचा कॅन आणि डिझेल ओतायचं हे काम करू नका. तुमची विहीर उताराला खाली आहे आणि जमीन जांभ्याची. जांभा किती सच्छिद्र असतो ते पावसात चिऱ्याच्या भिंतीला हात लावला की कळतं. त्यात वारूळ म्हणजे आयते बोगदे. ओतलेलं औषध कुठपर्यंत जाईल हे कोणालाच सांगता येणार नाही आणि तुम्ही तेच पाणी पिणार आहात. दिरांचा हेतू वाईट नाही, चौकटीची काळजी त्यांना आहे, त्यांच्या लहानपणी हेच बघितलेलं असणार, म्हणून त्यांच्याशी वाद घालताना विहिरीपासून सुरुवात करा, निसर्गापासून नको.

पायऱ्यांतलं वारूळ. पाया खणलेला नाहीये ना, मग कागदावर घर आठ-दहा फूट सरकवून बघायला काय लागतं, एकदा इंजिनिअरला विचारा. दुसऱ्या बाजूने ओटी घेता येईल का तेही विचारा. नाहीच जमलं तर ते काढा, त्यात मनाला लावून घेऊ नका, घराच्या पायाखाली पोकळ जमीन ठेवता येत नाही. पण काढायचं तर जेसीबीचा पहिला फटका मारायच्या आधी सर्पमित्राला बोलवून आत साप आहे का बघून घ्या. नाग उन्हाळ्याच्या शेवटी अंडी घालतो, तो कायद्याने संरक्षित आहे आणि माणसालाही धोका आहेच. मग हाताने खणा, राणीच्या खोलीपर्यंत. राणी सापडली की ओळखू येते, बोटाएवढी, पांढुरकी, जागेवरून हलू न शकणारी. ती काढली आणि खालचे बुरशीचे गड्डे उचलले की ते वारूळ सहसा पुन्हा उभं राहत नाही. औषध न ओतता काढलंत तर ती माती कलमांना घाला, आजूबाजूच्या मातीपेक्षा ती कसदार असते, गावातली जुनी माणसं जमीन सारवायला आणि चुलीला हीच माती आणायची. खड्डा मात्र मुरूम घालून धुमसून घट्ट करून घ्या.

आता चौकटी, कारण खरी भीती तिचीच आहे. पाया घालताना पायातल्या मातीला वाळवीचा उपचार करून घ्यायचा असतो, तो परवाना असलेल्या माणसाकडून, फक्त जोत्याच्या आत, मोजलेल्या प्रमाणात, आणि विहिरीचं अंतर त्याला आधी सांगून. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या जोत्यात गाडल्या जाणार नाहीत हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा, कारण मजूर भर टाकताना सगळं आत लोटतात आणि पुढे वाळवी त्याच्यावरूनच वर येते. हे मी दोन घरांत बघितलंय. जोत्यावर सिमेंटचा सलग थर घ्या, चौकटीचे पाय फरशीत पुरू नका, दगडावर टेकवा. जुन्या सागाचा गाभा वाळवीला नकोसा असतो पण कडेचा फिकट भाग ती खाते, तेव्हा चौकटी बसवायच्या आधी सुताराकडून तो फिकट भाग जिथे मऊ झालाय तिथे तासून घ्या. बारीक दाण्यांसारखी भुकटी पडत असेल तर सुताराला दाखवा, सुक्या लाकडात राहणारी वाळवी वेगळी असते, तिला जमीन लागत नाही, ती चौकटीतूनच घरात येते आणि तिचा वारुळाशी काही संबंध नसतो.

घर झाल्यावर घराभोवती दीड-दोन फूट पट्टा मोकळा ठेवा. सरपणाची थप्पी भिंतीला लावून रचू नका, कोकणात सगळे रचतात कारण वळचणीखाली ती कोरडी राहते, पण पुण्यात राहून घर महिना महिना बंद ठेवणाऱ्यांनी तर अजिबात नको. मांगरात, म्हणजे घरापासून वेगळ्या खोपटात, ठेवा. नळ गळत असेल तर लगेच दुरुस्त करा. आणि दर फेरीला जोत्याच्या बाहेरून एक चक्कर मारा, पेन्सिलीएवढी मातीची नळी वर चढताना दिसली तर मोडून टाका आणि आठ दिवसांनी परत आली का बघायला शेजाऱ्यांना सांगा. आली तर मग उपचारवाल्याला बोलवा. पातेरा जाळू नका, घरापासून लांब, काजूतल्या वारुळाच्या बाजूला त्याचा ढीग करा, त्यांना खायला तिकडे मिळू दे.

सासूबाईंशी मात्र तुम्हाला भांडायची गरजच नाही, तुमचं त्यांचं मत एकच आहे, दोघींची कारणं वेगळी. नागपंचमीला जमीन नांगरायची नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलंय आणि त्यामुळेच ते पुरुषभर वारूळ आज उभं आहे. फक्त दूध वारुळात ओतण्याऐवजी वाटीत ठेवून नंतर घरच्यांना प्रसाद द्यायचा असं प्रेमाने सुचवून बघा, साप दूध पीत नाही आणि आत ओतलेलं दूध सडतं. ऐकतील न ऐकतील, त्यावरून ताणू नका.

मिस्टरांना काय सांगायचं? त्यांना बहुतेक कोणाची बाजू घ्यायची नाहीये, त्यांना घर पूर्ण झालेलं बघायचंय. त्यांना आखणीचा कागद, जोत्याचा उपचार आणि चौकटीखालचे दगड एवढ्या तीन गोष्टी नेमून द्या, दिरांना सोबत घेऊन करायला सांगा. काजूचे बुंधे तुम्ही बघा.

आणि श्रावणात एकदा सासूबाईंबरोबर मागच्या वारुळापाशी सकाळी लवकर जा. अळंबी उगवली असतील तर त्या ओळखतील तीच घ्या, दुसऱ्या कुठल्या नको, रानातल्या विषारी अळंबी दिसायला फार जवळच्या असतात. देठ जमिनीत खोल गेलेला असतो, तो उकरून काढू नका, जमिनीलगत मोडून घ्या आणि थोड्या उमलायला तशाच राहू द्या.